वऱ्हाडी घराचे चार पेहराव

डिसेंबरातल्या पहाटे १० अंश आणि मेमधल्या दुपारी ४५. अकोल्याच्या जठारपेठेतल्या बैठकीच्या खोलीला वर्षभरात एवढा पल्ला सोसावा लागतो. मधले चार महिने पावसाचे. तेव्हा कपाटातल्या साड्यांना दमट वास येतो आणि भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी फुलून येते. एकच पडदा, एकच गालिचा आणि एकच बैठक या सगळ्या ऋतूंत सारखीच शोभेल आणि सारखीच सुखाची वाटेल, हे शक्य नाही.

तरीही आपली बहुतेक घरे बारमाही एकाच पोशाखात उभी असतात. कुठल्या तरी गार मुलखातल्या खोलीचे चित्र पाहून आपण जाड मखमली पडदे घेतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरतो, पश्चिमेला मोठी काच बसवतो. मे महिन्यात त्या खोलीत बसवत नाही. चार-पाच वर्षांनी ते सगळे जुनाट दिसू लागते आणि पुन्हा खर्च निघतो.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांची रीत वेगळी होती. घराची ठेवण पिढ्यान्‌पिढ्या तीच राहायची. बदलायचे ते तिच्यावरचे पांघरूण, आणि ते कधी बदलायचे हे सणवार सांगायचे. ही रीत आजच्या दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेतही चालते. तिच्यामागे साधे, पक्के शास्त्र आहे आणि ते कळले की घर दर ऋतूला नवे वाटण्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

ठेवण: जी बदलायची नाही

जुने वऱ्हाडी घर मातीच्या भिंतींचे, सागवानी खांबांचे आणि वर धाब्याचे. भिंत दीड-दोन फूट जाड. अशा भिंतीतून दुपारची उष्णता आत झिरपायला दहा-बारा तास लागतात. ती आत पोहोचते तोवर रात्र झालेली असते, बाहेरची हवा निवलेली असते आणि दारे-खिडक्या उघडता येतात. त्याच जाडीत देवळ्या कोरलेल्या आणि खुंट्या ठोकलेल्या असायच्या. दिवा देवळीत, कपडे खुंटीवर, धान्य बळदात. त्यामुळे ओसरी आणि माजघर मोकळे राहायचे. पाहुणे आले की सतरंजी अंथरायची, गेले की गुंडाळून ठेवायची. बैठक, जेवणघर आणि झोपायची खोली ही एकाच जागेची वेळेनुसार बदलणारी रूपे होती.

ही ठेवण किती सुंदर असू शकते हे पाहायचे तर वर्धा फार दूर नाही. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला गेले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथली बापू कुटी मातीची, बांबूची आणि वर कवेलूंची आहे. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीतच उठावाची ताडाची झाडे काढली आहेत. सजावट म्हणून असे मोजकेच काही. ऐंशीहून जास्त वर्षे लोटली, तरी त्या खोलीत शिरणाऱ्याला ती जुनाट वाटत नाही. तिथल्या वस्तू मोजक्या आहेत, प्रत्येक वस्तू आपल्या मूळ रंगात आहे आणि जे मोडेल ते गावातल्या माणसाला दुरुस्त करता येते. कालातीत शैलीची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

आजच्या घरासाठी ठेवणीची यादी यावरूनच काढता येते. पांढऱ्या किंवा फिकट चुनखडी रंगाच्या भिंती, हवा तर खाली गेरूचा वीतभर पट्टा. पायाखाली शहाबादी किंवा कोटा फरशी. एखादा सागवानी दिवाण किंवा सुतळीने विणलेली बाज. पितळेचा तांब्या, समई, घंगाळ. बांबूच्या दुरड्या आणि सूप. या वस्तू कोणत्याही ऋतूत परक्या वाटत नाहीत. त्यांच्यावर एकदा नीट खर्च करावा आणि मग त्यांना हात लावू नये. बाकी सारे कापडाचे, फुलापानांचे, उजेडाचे आणि पाण्याचे काम.

पाडवा ते मृग: ऊन बाहेर अडवण्याचे दिवस

गुढीपाडव्याला गुढी उभारली की घराचा उन्हाळी पेहराव सुरू करावा. इथे सजावटीचा पहिला विचार सूर्याच्या वाटेचा करावा लागतो. अकोला विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २०.७ अंशांवर आहे. म्हणून मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. याचा अर्थ असा की मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीची फारशी भीती नाही. छोटा छज्जाही तिला पुरतो. खरी तापते ती गच्ची, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. मावळतीचा सूर्य खाली उतरलेला असल्याने तिथे छज्जा कामाचा नाही. तिथे उभा आडोसा लागतो.

आणि हा आडोसा बाहेरच्या बाजूने लागतो. ऊन एकदा काचेतून आत आले, पडद्यावर पडले, की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तेच ऊन खिडकीबाहेर अडले तर आडोसा तापतो आणि बाहेरचा वारा ती उष्णता घेऊन जातो. जुनी माणसे ओसरीला तट्टे बांधायची, तुराट्यांचे किंवा पऱ्हाटीचे कूड उभे करायची, ते यासाठीच. आज पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची चटई किंवा हिरवी जाळी सोडली तरी तेच साधते. बांबूची चटई दिसायलाही देखणी असते; तिच्यातून गाळून आलेला उजेड फरशीवर रेषारेषांनी पडतो. मेळघाटात लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथले कारागीर बांबूच्या अशा कितीतरी वस्तू करतात. घरासाठी खरेदी करायचीच असेल तर ती आपल्या डोंगरातल्या हातांकडून करावी.

आतले पडदे पांढरे किंवा फिकट, सुती आणि हलके असावेत. जाड सोफ्यांवर सुती चादर टाकावी. मखमल आणि रेक्झिन घामाला चिकटतात. गालिचे गुंडाळून ठेवावेत आणि फरशी उघडी राहू द्यावी. दगडी फरशी तळपायातली उष्णता झटकन शोषून घेते, म्हणून ती गार लागते. बैठकीला गादीऐवजी बाज चांगली, कारण सुतळीच्या विणीतून खालूनही वारा लागतो.

गच्चीचा विचार याच दिवसांत करावा. चार-पाच इंची स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि संध्याकाळी आपण घरी आलो की ते खोलीत ओततो. त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले की बरेचसे ऊन आल्या वाटेने परत जाते. मेमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात साधारण १५ अंशांचा फरक असतो. तो वापरून घ्यावा. सकाळी नऊच्या आत खिडक्या-पडदे बंद करावेत आणि दिवस मावळल्यावर सगळे सताड उघडावे. दुपारचा तो हलका अंधार हाही उन्हाळी सजावटीचाच भाग आहे.

वऱ्हाडचा उन्हाळा कूलरशिवाय सांगता येत नाही. फाल्गुन सरता सरता कूलर खाली काढायचा, धुवायचा, ताट्या बदलायच्या, हे इथल्या घरोघरचे काम. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता उचलते. तेवढ्या उष्णतेत सात-आठ लिटर साध्या पाण्याला उकळी आली असती. आपली मेमधली हवा इतकी कोरडी असते की ती हे पाणी हावरटासारखी पिते, म्हणून कूलर इथे उत्तम चालतो. मात्र ती ओली हवा बाहेर पडायला वाट हवी. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली नाही, तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर नुसता पंखा उरतो. गवताच्या ताटीऐवजी वाळ्याची ताटी लावली की गारव्याबरोबर सुगंधही येतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या बऱ्याच भागात खारपाणपट्टा पसरला आहे. बोअरचे खारे पाणी कूलरमध्ये टाकले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ताट्यांवर पांढरे कवच चढते आणि हवा अडते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी केली तर क्षारही साचत नाहीत आणि डासही होत नाहीत. डेंगीच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा कोरडा दिवस त्याचा क्रम मोडतो.

अक्षय्य तृतीयेला नवा माठ येतो. तिवईवरचा माठ, खाली वाळूचा थर, वर ओले फडके आणि शेजारी मोगऱ्याची ओंजळ घातलेली पितळेची वाटी: वैशाखातल्या बैठकीला यापेक्षा सुंदर कोपरा कोणता? माठही कूलरच्याच नियमाने पाणी गार करतो, फक्त त्याला वीज लागत नाही.

मृग ते पोळा: आवरण्याचे दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. पाऊस मागेपुढे होतो, पण घराने तयार असावे. वर्षाला साधारण ७५०–८०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. हवा ओली झाली की कूलरचा उपयोग संपतो, कारण हवेला पाणी पिण्याची तहानच उरत नाही. तो पुसून, ताट्या काढून, झाकून ठेवावा.

पावसाळ्यात सजावट म्हणजे कमी करणे. जाड कापडे, लोकर, गालिचे उन्हे असतानाच वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेवावेत. लाकडी कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवावीत. भिंत आणि कपाट यांच्यामधली अडलेली ओली हवा म्हणजे बुरशीचे माहेर. भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले तर तिथेही हवा खेळते. पडदे पातळ आणि लवकर वाळणारे घ्यावेत. आभाळ भरलेले असल्याने रंग थोडे उजळ चालतात. हळदी, पोपटी, कुंकवाचा लाल. उन्हाळ्यात डोळ्यांना नकोसे वाटणारे हे रंग श्रावणात खोलीला उजेड देतात.

भिंतीच्या पायथ्याशी फुलणाऱ्या पांढऱ्या भुकटीला आपण लोणा म्हणतो. जमिनीतले पाणी विटांमधून वर चढते, येताना क्षार घेऊन येते, पृष्ठभागावर पाणी उडते आणि क्षार उरतात. खारपाणपट्ट्यात हा त्रास अधिक. त्यावर प्लास्टिकसारखा गच्च रंग लावला तर ओल आत कोंडते आणि काही महिन्यांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. तिथे श्वास घेणारा चुना चांगला. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, धुऊ नये. धुतला की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

काळ्या मातीची आणखी एक खोड घर असणाऱ्याला माहीत हवी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभ्या असलेल्या घरांच्या भिंतींना म्हणून तडे जातात आणि ऋतूनुसार ते रुंदावतात, मिटतात. असा तडा दिसला की लगेच सिमेंटने बुजवू नये. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावा. तडा वाढत असेल तर आधी जाणकार अभियंत्याला दाखवावे. वाढत नसेल तर दिवाळीपूर्वी लवचीक भरावाने भरून वर रंग द्यावा.

पोळा ते दिवाळी: घर नटण्याचे दिवस

श्रावण अमावास्येला पोळा. बैलांच्या झुली आणि गोंडे, दारात पळसाच्या डहाळ्या. इथून सजावटीचा सुगीचा काळ सुरू होतो. भाद्रपदात ज्येष्ठा गौरी येतात. वऱ्हाडात आपण त्यांना महालक्ष्म्या म्हणतो. त्यांच्यासाठी घरातला सर्वांत चांगला कोपरा मोकळा होतो, ठेवणीतल्या साड्या निघतात, वर फुलोरा टांगला जातो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. तिच्यासाठी ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. शेतातून आणलेले पाच धांडे, मातीची भुलाबाई आणि भुलोजी, आणि जमलेल्या मुली. बाजारातून काहीही न आणता खोलीचा एक कोपरा महिनाभर उजळतो. कोपरा निवडणे, तो मोकळा करणे, एका गोष्टीला मध्यभागी मान देणे हे सजावटीचे मूलतत्त्व आपल्या आज्या-आयांना कुणी शिकवले नव्हते. सणांनीच ते त्यांच्या हातात दिले होते.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, भिंती वाळतात, आणि म्हणूनच रंगरंगोटीचा मुहूर्त दिवाळीआधीचा. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही हे जुन्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते. चुन्याचा पोचारा द्यायचा तर कळीचा चुना पाण्यात भिजवून मुरू द्यावा. भिजताना तो खदखदतो, म्हणून डोळे आणि हात जपावेत. मग गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. डिंकाने पकड येते, निळीने पांढरेपणा झळाळतो. भिंतीवर गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचा एक पातळ थर चढतो. तो क्षारधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाही. शिवाय दरवर्षीचा एक हात दिला की घर पुन्हा नवे दिसते, आणि त्याचा खर्च तयार रंगाच्या मानाने फारच कमी येतो.

दसऱ्याला झेंडूचे तोरण, दारात रांगोळी, दिवाळीला पणत्या. याच दिवसांत कापसाचा पहिला वेचा घरी येतो. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, पण आपल्या बैठकीत कापूस क्वचितच दिसतो. पांढरी शुभ्र फुटलेली बोंडे असलेल्या चार वाळलेल्या पऱ्हाट्या पितळेच्या घंगाळात उभ्या केल्या तर ती सजावट पुढच्या फाल्गुनापर्यंत टिकते, आणि घरात येणाऱ्याला हे कुठल्या मातीतले घर आहे हे सांगते.

दिवाळी ते संक्रांत: ऊन आत बोलावण्याचे दिवस

हिवाळ्यात सूर्याची वाट पालटते. डिसेंबरच्या अखेरीस दुपारीही तो दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो. दक्षिणेची खिडकी चार फूट उंच असेल आणि तिच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मेच्या दुपारी ती संपूर्ण सावलीत असते आणि डिसेंबरच्या दुपारी तिच्या खालच्या निम्म्या भागातून ऊन आत येते. उन्हाळ्यात ऊन अडवणारा छज्जाच हिवाळ्यात त्याला आत सोडतो. म्हणून या दिवसांत दक्षिणेचे पडदे दिवसा पूर्ण बाजूला करावेत आणि बैठक तिकडे सरकवावी. फर्निचर हलवणे ही सर्वांत स्वस्त सजावट आहे.

आता गुंडाळलेल्या सतरंज्या उलगडाव्यात. अकोटच्या सुती सतरंज्यांचे एके काळी दूरवर नाव होते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सुती सतरंजी पांढऱ्या भिंतीच्या खोलीत शंभर वर्षांपूर्वी शोभत होती आणि आजही शोभते. गाद्या उन्हात टाकाव्यात, दर काही वर्षांनी पिंजून घ्याव्यात. वापराने कापूस दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. पिंजल्यावर तंतू सुटे होऊन त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवा.

गोधडीचेही तेच. आपल्या खेड्यांतली आजी तिला वाकय म्हणते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून टाके घातले की थराथरांत हवा धरली जाते. आईचे लुगडे, वडिलांचे धोतर, मुलांचे झबले यांची ती घरातली वही असते. दिवाणाच्या पाठीवर घडी करून टाकलेली जुनी वाकय ही हिवाळ्यातली सर्वांत देखणी वस्तू आहे; ती कपाटाच्या तळाशी दडपून ठेवू नये. उजेडही बदलावा. उन्हाळ्यात पांढरा दिवा डोळ्यांना गार वाटतो. थंडीत पिवळसर उजेडाचा एखादा दिवा कोपऱ्यात खाली ठेवावा. संक्रांतीला सुगडे येतात. वाण दिल्यावर त्यातले एखादे खिडकीत ठेवून त्यात ज्वारीची चार कणसे खोचावीत. फाल्गुनात त्यांची जागा पळसफुलांनी घ्यावी. वर्तुळ तिथे पूर्ण होते.

सुरुवात कशी करावी

जठारपेठेत आज अपार्टमेंटमधल्या सदनिका आहेत आणि अंगण राखून असलेली बैठी घरेही. दोन्हींना ही रीत लागू पडते. अंगण असेल तर पश्चिमेला एक कडुनिंब लावावा. त्याची पाने वसंताच्या तोंडाशी गळतात आणि ऊन कडक होईतो नवी पालवी दाट होते. सावली हवी तेव्हा तो ती देतो. अंगण नसेल तर एक पेटी पुरे. तिच्यात पडद्यांचे दोन जोड, चादरींचे दोन जोड, एक सतरंजी, एक गोधडी आणि थोडी बांबूची, मातीची, पितळेची भांडी. एक जोड घरात, दुसरा पेटीत, आणि वर्षातून चार वेळा अदलाबदल: पाडवा, मृग, दसरा, आणि थंडी पडल्यावर दिवाळीनंतर.

नवीन वस्तू घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही दहा वर्षे टिकेल का? इथल्या कारागिराला दुरुस्त करता येईल का? मेच्या दुपारी हिच्याजवळ बसवेल का? तिन्हींचे उत्तर हो असेल तरच ती घरात आणावी.

येत्या पाडव्याला बाजारात जाण्याआधी घरातली ती जुनी पेटी उघडा. आजीचे घंगाळ, आईची सतरंजी, धुऊन ठेवलेली पांढरी चादर बाहेर काढा. तुमच्या घराचा पुढच्या ऋतूचा पेहराव बहुधा तिथेच घडी घालून ठेवलेला असेल.